दुधाची दाढ किडली, तर कोरायची की झाकायची?

"पडणारच आहेत की ते दात, कशाला उगाच खर्च करायचा?" लहान मुलाच्या दाढेत काळा खड्डा दिसला की हे वाक्य घरात कुणीतरी बोलतंच. हेतू वाईट नसतो, पण हिशेब चुकलेला असतो. पुढचे पटाशीचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात हे खरं. दाढांचं तसं नाही. दुधाच्या आठ दाढा असतात आणि त्यांनी दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत काम करायचं असतं. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेली दाढ पडेपर्यंत थांबायचं ठरवलं, तर सहा-आठ वर्षं थांबावं लागतं. कीड तेवढं थांबत नाही. ती दाताच्या नसेपर्यंत जाते आणि मग रात्री-अपरात्री ठणका सुरू होतो, गाल सुजतो, पोर एकाच बाजूने चावायला लागतं, झोप आणि शाळा दोन्ही बुडतात. दाढ वेळेआधी काढून टाकावी लागली, तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला जागा उरत नाही.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये ५ ते ९ वर्षांच्या मुलांना रुग्णालयात दाखल करण्याचं सर्वांत मोठं कारण वर्षानुवर्षं दातांची कीड हेच राहिलं आहे. त्यामुळे यावरचं बरंचसं महत्त्वाचं संशोधन ब्रिटनमध्ये, त्यातही स्कॉटलंडमध्ये झालं. त्या संशोधनाने मुलांच्या दंतोपचारातल्या काही पक्क्या समजुती मोडीत काढल्या. पालकांना हे माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं, कारण दवाखान्यात निर्णय त्यांनाच घ्यायचा असतो आणि तोही रडणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन.

आधी कीड लागते कशी ते पाहू. दातांवर जिवाणूंचा एक चिकट थर सतत साचत असतो. त्यातल्या काही जिवाणूंना साखर मिळाली की ते आम्ल तयार करतात. दातालगतचा पीएच (आम्लतेचं माप, जितकं कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५च्या खाली उतरला की दाताच्या वरच्या कठीण कवचातलं, म्हणजे इनॅमलमधलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतं. मग लाळ हळूहळू ते आम्ल निवळवते आणि अर्ध्या-पाऊण तासात खनिजं पुन्हा दातात जिरायला लागतात. दिवसभर हा जमाखर्च चालू असतो. तीन वेळा जेवण आणि मध्ये एकदा खाऊ, एवढ्यावर तो सहज जुळतो. पण दहाला बिस्किट, अकराला ज्यूस, बाराला चॉकलेट असं चाललं की जमेला वेळच मिळत नाही, नुसता खर्च होत राहतो. झोपेत लाळ फारच कमी सुटते, म्हणून दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाच्या दातांचं सर्वांत जास्त नुकसान होतं. त्यात दुधाच्या दातांचं इनॅमल कायमच्या दातांपेक्षा पातळ आणि आतली नस जवळ. मोठ्या माणसाच्या दातात कीड जे अंतर कापायला काही वर्षं घेते, ते इथे काही महिन्यांत कापलं जाऊ शकतं.

साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि कशी खाल्ली हे जास्त महत्त्वाचं, हे आपल्याला एका अत्यंत क्रूर प्रयोगामुळे कळलं. स्वीडनमधल्या विपेहोल्म इथल्या संस्थेत १९४०च्या दशकात काही वर्षं मतिमंद रुग्णांना त्यांची संमती न घेता मुद्दाम साखर खायला घातली गेली. काहींना जेवणासोबत, तर काहींना जेवणांच्या मधल्या वेळेत चिकट टॉफीच्या रूपात. जेवणासोबत साखर खाणाऱ्यांच्या दातांत कीड फारशी वाढली नाही. टॉफी खाणाऱ्यांचे दात मात्र भराभर किडले. ज्यांचे दात त्यासाठी खर्ची पडले त्यांना कुणी विचारलंही नव्हतं, हे ती माहिती वापरताना विसरता कामा नये. आपल्यासाठी त्यातला अर्थ असा की जेवणाच्या ताटातल्या पुरणपोळीला किंवा शिऱ्याच्या वाटीला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते दोन जेवणांच्या मध्ये चघळल्या जाणाऱ्या चिक्कीला, खडीसाखरेला आणि दाढेच्या खाचेत रुतून बसणाऱ्या बिस्किटाच्या लगद्याला. गूळ आणि मध "नैसर्गिक" म्हणून सुटत नाहीत, जिवाणूंना त्यांचीही साखरच मिळते. मुलांची गोड पातळ औषधंही त्यातच आली. ती थांबवायची नसतात, पण रात्रीचा डोस ब्रश करण्याआधी द्यावा.

कीड खड्डा पडण्याच्या खूप आधी दिसते, आणि ती बघायला डॉक्टर लागत नाही. खिडकीपाशी बसा, मुलाला मांडीवर आडवं घ्या, डोकं आपल्या पोटाकडे. बोटाने वरचा ओठ हलकेच उचला. वरच्या चार पटाशीच्या दातांची हिरडीलगतची कड बघा. सुती कापडाने ती कड पुसून कोरडी करा, म्हणजे जास्त स्पष्ट दिसतं. निरोगी दात चकाकतो. कीड सुरू झालेली असेल तर हिरडीला समांतर अशी खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसते. तिथली खनिजं निघून गेलेली असतात, पण दाताचं कवच अजून फुटलेलं नसतं. ही अवस्था मागे फिरवता येते. खाण्याच्या वेळा आटोक्यात आणल्या आणि फ्लोराइड मिळालं, तर ती रेघ पुन्हा कडक होते. तपकिरी झाली, खरवड लागली, की मग उशीर होत चाललेला असतो. खालचे पुढचे दात सहसा वाचतात, कारण त्यांच्यावर जीभ येते आणि जिभेखालची लाळ त्यांना धुत राहते. म्हणून खालचे दात स्वच्छ दिसले यावर समाधान मानू नये, वरचा ओठ उचलायलाच हवा. महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरे. दोन दाढांच्या फटीतली कीड मात्र घरी दिसत नाही, तिला एक्स-रेच लागतो.

आता उपचारांकडे येऊ. शंभराहून अधिक वर्षं दंतवैद्यांना एकच शिकवलं जात होतं: किडलेला भाग पूर्ण कोरून काढा आणि मग भरा. अमेरिकेतल्या जी. व्ही. ब्लॅक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घालून दिलेली शिस्त तर आजूबाजूचा थोडा चांगला भागही कोरून घ्या, असं सांगायची. मोठा माणूस हे सहन करतो. चार वर्षांच्या मुलासाठी मात्र हिरडीत सुई, कानाजवळ मशीनचा आवाज, तोंडात पाण्याचा फवारा आणि बराच वेळ उघडा ठेवलेला जबडा, हे सगळं एकदम अंगावर येतं. मूल हलतं, तोंड ओलं होतं, भरलेलं सिमेंट नीट धरत नाही आणि थोड्याच महिन्यांत निघून येतं. पुन्हा खुर्ची, पुन्हा रडारड. अशा दोन-तीन वाऱ्या झाल्या की ते मूल मोठेपणीही दाताच्या दवाखान्याची पायरी चढायला कचरतं.

स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन भागात नॉर्ना हॉल नावाच्या दंतवैद्या काम करत होत्या. त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांत किडीचं प्रमाण भरपूर होतं. मुलांच्या दाढांवर बसवायच्या तयार स्टीलच्या टोप्या, ज्यांना आपण कॅप म्हणतो, तेव्हाही वापरात होत्या. पण रीत अशी होती की आधी भूल द्यायची, कीड कोरायची, दाढ चारी बाजूंनी घासून बारीक करायची आणि मग कॅप बसवायची. हॉल यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस यातलं सुई आणि कोरणं हे दोन्ही सोडून दिलं. किडलेली दाढ जशी आहे तशीच ठेवून तिच्यावर सिमेंटने भरलेली कॅप दाबून बसवायची, बस्स. त्यांनी नोंदी चोख ठेवल्या होत्या. १९८८ ते २००१ या काळात २५९ मुलांना बसवलेल्या ९७८ कॅपचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक दाढा टिकल्या होत्या. दंतवैद्यकातल्या अनेकांना हे पटेना. कीड आत ठेवून वरून झाकायची, म्हणजे घाण गालिच्याखाली सरकवण्यासारखंच झालं, असा आक्षेप होता.

ही कॅप बसते कशी, ते जवळून बघण्यासारखं आहे. दाढ शेजारच्या दाढेला अगदी चिकटून असेल, तर मधल्या फटीत छोटी रबरी कडी अडकवतात आणि तीन ते पाच दिवसांनी बोलावतात. तेवढ्यात जराशी जागा होते. त्या दिवशी मुलाला खुर्चीत सरळ बसवतात, म्हणजे कॅप निसटली तरी घशात जाणार नाही. वेगवेगळ्या मापांच्या कॅप दाढेवर ठेवून बघतात. दाढेचे सगळे उंचवटे झाकले जातील अशी, त्यातल्या त्यात लहान कॅप निवडतात. ती ग्लास आयोनोमर सिमेंटने काठोकाठ भरतात, दाढेवर ठेवतात, बोटाने दाबतात आणि मग मुलालाच सांगतात, "चाव जोरात." कॅप खटकन खाली उतरते. बाजूने बाहेर आलेलं सिमेंट पुसून घेतात, त्याची चव जरा आंबट लागते. दोन-तीन मिनिटं चावून धरलं की काम झालं. कॅपच्या कडेची हिरडी क्षणभर पांढरी पडते आणि थोड्या वेळात पूर्ववत होते. दाढ घासलेली नसल्यामुळे चावताना पहिले काही दिवस ती बाजू उंच वाटते. काही आठवड्यांत दात आपोआप जुळवून घेतात. पुढे दहाव्या-अकराव्या वर्षी दाढ पडते तेव्हा कॅपही तिच्यासोबतच पडते.

आक्षेपाचं उत्तर फक्त नोंदींतून मिळणार नव्हतं. दंतसंशोधक निकोला इनेस आणि स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्याच टेसाइड भागात चाचणी घेतली. १३२ मुलं, १७ दंतवैद्य. प्रत्येक मुलाच्या तोंडातल्या सारख्याच किडलेल्या दोन दाढा निवडल्या. एकीवर हॉल पद्धतीची कॅप, दुसरीवर तो दंतवैद्य एरवी करतो तो उपचार, आणि कुठल्या दाढेला काय हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवलेलं. या रचनेतली हुशारी लक्षात घ्या: दोन्ही दाढा एकाच तोंडात, त्यामुळे गोड तेवढंच आणि ब्रशही तोच. फरक उरला तो उपचाराचा. पाच वर्षांनी बघितलं तेव्हा नस सडणं किंवा गळू होणं असं गंभीर अपयश कॅपच्या दाढांत ३ टक्के होतं आणि दुसऱ्या गटात १६.५ टक्के. सिमेंट निघणं, कीड पुन्हा लागणं असे किरकोळ बिघाड ५ टक्के विरुद्ध ४२ टक्के. मुलांना विचारलं तर ७७ टक्के मुलांनी कॅपच पसंत केली. तुलनेसाठी केलेली फिलिंग फार उत्तम दर्जाची नव्हती, अशी टीका झाली आणि तिच्यात तथ्य आहे. पण ती रोजच्या दवाखान्यात मुलांना मिळतात तशी होती, म्हणून मला ही तुलना प्रामाणिक वाटते.

झाकलेली कीड वाढत का नाही? कारण आतले जिवाणू बाहेरच्या साखरेवरच जगतात. कॅप आणि सिमेंट कड पूर्ण बंद करतात, तसं त्यांचं खाणं तुटतं. आम्ल बनणं थांबतं, आणि नसेच्या बाजूने दात स्वतः आतून नवं डेंटिन, म्हणजे इनॅमलखालचा थर, घालून भिंत जाड करतो. अमेरिकेत कीड न काढता वरून सीलबंद केलेल्या दातांचा दहा वर्षं पाठपुरावा केला गेला होता. १९९८ साली त्याचे निष्कर्ष आले, त्यातही झाकलेली कीड पुढे सरकलेली नव्हती.

मात्र एक अट कडक आहे. दाढ रात्री ठणकत असेल, हिरडीवर पुवाची पुळी असेल, गाल सुजला असेल, तर कॅपने झाकणं चूक. तेव्हा नस गेलेली असते आणि वेगळा उपचार करावा लागतो किंवा दाढ काढावी लागते. गालाच्या सुजेसोबत ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बाकी वेळी एक्स-रेत कीड आणि नस यांच्यामध्ये चांगल्या डेंटिनचा पट्टा दिसतोय की नाही, हे बघून ठरवतात.

कोरण्याला आणखी एक पर्याय आहे, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. जपानमध्ये हे औषध गेल्या शतकात वापरात आलं. किडलेला भाग कोरडा करून त्यावर बारीक ब्रशने थेंबभर लावायचं, एवढंच. चांदी जिवाणू मारते, फ्लोराइड मऊ झालेला भाग कडक करतं. हाँगकाँगच्या संशोधकांनी दक्षिण चीनमधल्या बालवाडीच्या ३७५ मुलांवर घेतलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत वर्षातून एकदा लावूनही कीड थांबवण्यात ते नेहमीच्या फ्लोराइड वार्निशपेक्षा, म्हणजे दातांवर लावायच्या फ्लोराइडच्या लेपापेक्षा, सरस ठरलं. न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये हजारो मुलांवर अलीकडे झालेल्या अभ्यासात नर्सनी लावलेलं औषधही दंत-आरोग्य कर्मचाऱ्यांनी लावल्याइतकंच उपयोगी पडलं. आपल्यासारख्या देशात, जिथे तालुक्याच्या गावीही मुलांचे दंतवैद्य सहज मिळत नाहीत, तिथे ही मोठीच गोष्ट आहे. उणीव एकच, आणि ती आधी सांगितलीच पाहिजे: किडलेला भाग कायमचा काळा पडतो. मागच्या दाढेत ते चालून जातं. पुढच्या दातांबाबत आईवडिलांना विचारल्याशिवाय लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे औषध, ग्लास आयोनोमर सिमेंट आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट या तिन्हींचा समावेश केला.

इथवर वाचून वाटेल की प्रश्न सुटला. मग २०२० साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, आणि मला यातलं सर्वांत महत्त्वाचं तेच वाटतं. स्कॉटलंड, इंग्लंड आणि वेल्समधले ७२ दवाखाने, ३ ते ७ वर्षांची १,१४४ मुलं, सगळ्यांच्या दुधाच्या दाढांत आधीच कीड. तीन गट केले: एकाला कोरून भरणं, दुसऱ्याला हॉल कॅपसारखं झाकणं, तिसऱ्याला फक्त प्रतिबंध, म्हणजे ब्रश, फ्लोराइड आणि खाण्याविषयी सल्ला. पहिल्या दोन गटांनाही प्रतिबंध होताच. जास्तीत जास्त तीन वर्षं पाठपुरावा केला. वेदना किंवा पू झालेल्या मुलांचं प्रमाण अनुक्रमे ४२, ४० आणि ४५ टक्के. म्हणजे जवळजवळ सारखंच.

यावरून काही जणांनी "मग मुलांचे दात भरूच नका" असा निष्कर्ष काढला. तो चुकीचा आहे. एखाद्या दाढेवरची कॅप फिलिंगपेक्षा जास्त टिकते, हे टेसाइडच्या चाचणीत दिसलंच होतं. या चाचणीने मोजलं ते अख्खं मूल. एक दाढ दुरुस्त केली तरी ज्या सवयींनी ती किडली त्या तशाच राहिल्या, तर दुसरी किडते. एकदा कीड डेंटिनपर्यंत पोचली की कुठलीही पद्धत वापरा, दहातल्या चार मुलांना पुढे त्रास होतोच. खरी लढाई खुर्चीवर बसण्याआधीच लढायला हवी.

स्कॉटलंडने ती सरकारी पातळीवर लढून दाखवली. तिथल्या बालवाड्यांमध्ये रोज देखरेखीखाली ब्रश करणं सुरू झालं. पुढे 'चाइल्डस्माइल' या कार्यक्रमात त्याला दवाखान्यातला सल्ला आणि वर्षातून दोनदा फ्लोराइड वार्निश यांची जोड मिळाली. २००३ साली तिथल्या पहिलीतल्या ४५ टक्के मुलांच्या दातांत दिसण्याजोगी कीड नव्हती. २०२० साली हे प्रमाण ७३.५ टक्क्यांवर गेलं. बालवाडीतल्या ब्रशिंगचा वर्षाचा खर्च साधारण १७.६ लाख पौंड, तर पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दंतोपचाराचा अंदाजे खर्च २००१-०२मधल्या ८८ लाखांवरून २००९-१०मध्ये ४० लाख पौंडांवर आला. सर्वांत जास्त फायदा गरीब वस्त्यांतल्या मुलांना झाला. आपल्या अंगणवाड्यांत ३ ते ६ वर्षांची मुलं रोज येतातच. ताईंच्या डोक्यावर आधीच कामांचा ढीग आहे, याची मला जाणीव आहे. तरीही जास्तीचं मनुष्यबळ देऊन पोषण आहारानंतरची दोन मिनिटं ब्रशसाठी राखून ठेवावीत, असं मला आग्रहाने वाटतं.

तोवर घरी काय करायचं? टूथपेस्ट घेताना नळीच्या मागचं वाचा. भारतातल्या नियमांनुसार टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत हजार भाग) जास्त नसावं आणि प्रमाण नळीवर छापलेलं असावं लागतं. मुलांच्या रंगीत, गोड चवीच्या काही पेस्टमध्ये ते फारच कमी असतं किंवा नसतंच, काही आयुर्वेदिक पेस्टमध्येही नसतं. हजाराच्या जवळपासची निवडा. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरे. जाहिरातीत दाखवतात तशी लांबलचक पट्टी नको. दिवसातून दोनदा, त्यातही रात्रीचं ब्रश चुकवू नका. घासून झाल्यावर फक्त थुंकायचं, चूळ भरायची नाही. आपल्या सवयीला हे विचित्र वाटतं, पण चूळ भरली की दातांवर राहायला हवं ते फ्लोराइडही वाहून जातं. मूल सात वर्षांचं होईपर्यंत ब्रश मोठ्यांनी करून द्यावा किंवा शेजारी उभं राहून बघावं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे मात्र पेस्टबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

दवाखान्यात गेलात तर हे विचारायला संकोचू नका: कीड नसेपासून किती लांब आहे? न कोरता कॅप बसवता येईल का? कीड थांबवायचं औषध लावून बघता येईल का? आणि मूल सहा वर्षांचं होत आलं असेल, तर दुधाच्या दाढांच्याही मागे, जबड्याच्या अगदी टोकाला बघा. तिथे एकही दात न पडता नवीन दाढ येते, म्हणून तीही दुधाचीच असं पुष्कळांना वाटतं. ती कायमची असते. तिच्या खाचा खोल असतात आणि पूर्ण वर येईपर्यंत ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असल्याने ब्रश तिच्यावर टेकतच नाही. तोवर गालाच्या बाजूने ब्रश आडवा घालून ती वेगळी घासावी लागते, आणि पूर्ण वर आली की खाचा सीलंटने, म्हणजे वरून लावायच्या पातळ थराने, बंद करून घेता येतात.